हुसेनबीनं विकत घेतलेली भुई

गुजरीत, म्हणजे सोनारांच्या गल्लीत, एकही फळी उघडलेली नसायची तेव्हा हुसेनबी येऊन गेलेली असायची. हातात बुटकी केरसुणी, काखेत सूप, डोईवर रिकामं पोतं. सोनारांच्या दुकानातली आणि दारापुढची धूळ झाडून न्यायची, पंचगंगेच्या घाटावर लाकडी काठवटीत धुवायची आणि तळाला उरलेले सोन्याचे कण पाऱ्यानं गोळा करायचे, हा तिचा धंदा. असं काम करणाऱ्यांना झारेकरी म्हणतात. झारेकरी धुळीचे पैसे सोनाराला देतो, सोनार झारेकऱ्याला नाही. एकदा गल्लीतली एक नवी सून नाक धरून म्हणाली, "झाडूवाली आली वाटतं." हुसेनबी कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "व्हय बाई, पदरचं पैसं दिऊन झाडती. तुज्या सासऱ्यालाच इचार किती घेतोय ते." त्या सुनेनं पुन्हा कधी नाक धरलं नाही.

मी बाळाबाई, गणपतराव पाटवेकरांची मुलगी. सोनारानं मणी आणि पानं घडवून दिली की ती रेशमात ओवून गळ्यातला साज पुरा करायचा, हे आमच्या घरचं काम. माझं लग्न झालं होतं, पण पहिल्या दिवाळीला माहेरी आले ती परत गेले नाही. तो विषय इथं नको, त्याबद्दल बोलायला लागले तर कागद पुरायचा नाही. वडिलांच्या हाताखाली मी बसायचे ते आमचं दुकान आणि जोतीराम पोतदारांचं दुकान यांच्यामध्ये फक्त फळ्यांची भिंत होती. पलीकडं हातोडी पडली की अलीकडं माझ्या गुडघ्याला ताणून बांधलेलं रेशीम थरथरायचं. जोतीराम सोनाराला मी मामा म्हणायचे. पत्रा ठोकण्यात त्याच्यासारखा हात गुजरीत दुसरा नव्हता आणि हे त्याला स्वतःलाही जरा जास्तच ठाऊक होतं.

हुसेनबीचा नवरा मीरासाब तरणाताठा गेला, तेव्हा बाईमाणसाला धूळ द्यायची नाही असं गल्लीनं ठरवलं होतं. जोतीराममामाच्या वडिलांनी, आण्णा पोतदारांनी, पहिल्यांदा आपल्या दुकानाची केरसुणी तिच्या हातात दिली आणि मग बाकीच्यांना गप्प बसावं लागलं. आण्णा गेले तरी हुसेनबी त्या उंबऱ्याला हात लावल्याशिवाय आत पाऊल टाकत नसे. मामाला ती मालक म्हणायची. मामा तिच्यापेक्षा दहा वर्षांनी तरी लहान होता.

सोनाराच्या भुईची गोष्ट आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. त्या काळी सोनाराच्या दुकानात फरशी नसायची. शेणानं सारवलेली मातीची भुई असायची. कानस चालताना उडालेला कण, फुटलेल्या मुशीतून ओघळलेला थेंब, सगळं त्या मातीत मुरायचं. वरची धूळ झारेकरी रोज नेतो, पण खालची भुई बापापासून मुलापर्यंत भरत राहते. ती खणत नाहीत. वंश बुडाला, दुकान कायमचं मोडलं, तरच झारेकऱ्याला बोलावून भुई विकतात. तो हातभर माती खणून नेतो, नवी माती भरतो, सारवून देतो. आणि एकदा खणली की त्या भुईवर पुन्हा सोनार बसत नाही, शेगडी पेटत नाही असं सगळी गुजरी मानायची. मी हसायचे त्याला. आता हसत नाही.

बासष्टच्या थंडीत चीनशी लढाई झाली. आमच्या गल्लीतल्या बायकांनी पाटल्या काढून संरक्षणासाठी दिल्या. मग संक्रांतीच्या तोंडावर रेडिओवर हुकूम आला की चौदा कॅरेटच्या वरचा दागिना यापुढं घडवायचा नाही आणि घरात असलेलं नुसतं सोनं सरकारला कळवायचं. वडील पेपर मोठ्यानं वाचायचे, त्यामुळं कारण मला समजलं होतं. बाहेरून शस्त्रं आणि धान्य आणायला जो परदेशी पैसा लागतो तो संपत आला होता. सोनं चोरवाटेनं येत होतं आणि त्याच्यापायी तोच पैसा बाहेर जात होता. म्हणून दिल्लीनं ठरवलं, लोकांची सोन्याची हाव मोडायची. दुखणं बरोबर ओळखलं होतं, अजूनही मी तसंच म्हणेन. पण ते औषध कुणाच्या घशात ओतायचं हे ठरवताना कुणी गुजरीत येऊन बघितलं नाही, याचा राग माझ्या पोटात आहे आणि तो माझ्याबरोबरच जाईल. साजाचा मणी म्हणजे कागदासारखा पातळ पत्रा, आत लाख भरलेली. चौदा कॅरेटचा पत्रा तेवढा पातळ ठोकला की चिरतो. आणि लोकांची हाव काही मोडली नाही, ती मागच्या दारानं जायला लागली. पुढच्या दारातला कारागीर मात्र बसून राहिला.

तरी मामा नुसत्या हुकुमानं बुडाला नसता. त्याला बुडवलं त्यानंतरच्या घबराटीनं. गिऱ्हाईक सोनं आधी देतं आणि दागिना सवडीनं नेतं, ही रीत. वैशाखातल्या लग्नासाठी पौषात आलेलं सोनं मामा माघातल्या दागिन्यात घालायचा आणि वैशाखाला तिसऱ्याच्या सोन्यातून तो दागिना पुरा करायचा. अख्खी गुजरी तशीच चालायची, त्यात लबाडी नव्हती. सगळे एकाच दिवशी परत मागायला येणार नाहीत, एवढ्याच भरवशावर ते चाललं होतं. बँकाही त्याच भरवशावर चालतात, फक्त त्यांच्या दारात बंदूकवाला उभा असतो.

त्या आठवड्यात सगळे एकाच दिवशी आले. सरकार सोनाराकडचं सोनं उचलून नेणार अशी आवई उठली होती. राधानगरीकडची धोंडुबाई नावाची एक म्हातारी पहाटेच्या एसटीनं येऊन मामाच्या पायरीवर बसली. "माजं सोनं दे, जोतीराम. जसं हाय तसं दे."

"आक्का, सोनं बुडत न्हाय. म्हयन्याभरात देतो की," मामा म्हणाला.

"म्हयन्यानं तू हितं असशील कशावरनं?"

ती मोठ्यानं बोलली आणि रस्त्यानं जाणारे चौघे थांबले. पायरीवर बसलेली एक बाई बघून दुसरी आली, दोघी बघून सगळा रस्ता भरला. ज्यांना परत मागायचं मनातसुद्धा नव्हतं तेही आले, कारण सगळ्यांचं नेऊन झाल्यावर आपल्याला काय उरणार, ही भीती. मामा शेजारच्या सोनारांकडं उसनं सोनं मागायला गेला. त्यांच्या पायऱ्यांवरही तशीच गर्दी. बँकेत गेला, तिथं म्हणाले की सध्या सोनारांना काही द्यायचं नाही. दुकान चालतं होतं, हात सोन्यासारखा होता, येणं पुष्कळ होतं, फक्त त्या दिवशी हातात नव्हतं. कुणी भरवशाच्या माणसानं त्या पायरीवर उभं राहून "याचं मी बघतो, घरी जावा" असं म्हटलं असतं ना, तर निम्मी गर्दी तिथंच पांगली असती. तसं म्हणण्याची ताकद ज्यांच्यात होती ते दिल्लीत बसले होते आणि त्यांना मामाचं नावही ठाऊक नव्हतं.

मग गुजरीनं हरताळ पाळला. सगळी दुकानं बंद झाली, आम्हीही गडहिंग्लजला आत्याकडं जाऊन राहिलो. परत आलो तेव्हा मामानं झाडून सगळ्यांचं सोनं फेडलेलं होतं, अगदी धोंडुबाईचंसुद्धा. मामीच्या अंगावर डोरल्याशिवाय काही राहिलं नव्हतं, ते सगळ्यांना दिसत होतं. पण तेवढ्यानं भागणारं ते देणं नव्हतं. माणसाची अब्रू वाचली म्हटल्यावर कसं फेडलं ते कुणी विचारलं नाही. शेगडी विझली ती विझलीच.

होळीच्या सुमाराला मामा घाटावर गेला. हुसेनबी पाण्यात बसून काठवट हलवत होती, अर्थात धुळीत आता हलवण्यासारखं फार काही येत नव्हतं.

"हुसेनबी, भुई इकायची हाय," मामा म्हणाला.

"मालक, भुई इकत्यात ती वंश बुडाल्यावर. तुमी तर हाईसा की डोळ्यापुढं."

"बुडाल्यालाच हाय समज. घरात पोरं उपाशी हायती. घेतीस का दुसऱ्याला इचारू?"

कळंब्याच्या वाटेवर एक छोटी जागा घेऊन पत्र्याचं घर बांधायचं म्हणून हुसेनबीनं आयुष्यभर जे साठवलं होतं, ते तिनं मामाच्या पुढ्यात ओतलं. मामानं मान वर केली नाही. दुकानाची किल्ली तिच्या हातात ठेवून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवसापासून पिराजी हमालाची हातगाडी गुजरीत यायला लागली. सकाळी कळंब्याच्या तळ्याकाठची माती भरलेली पोती आत जायची, संध्याकाळी भरलेली पोती बाहेर यायची. लोक बघून हळहळायचे, आण्णांची भुई चालली म्हणायचे. मी मात्र फळीपलीकडं कान लावून बसले होते आणि मला कुदळीचा आवाज एकदाही आला नाही. दिवसभर ऐकू यायचं ते फक्त सारवणाऱ्या हाताचं घासणं. शेवटच्या दिवशी मी सरळ आत गेले. सकाळी आणलेली तीच पोती तशीच तोंड बांधून संध्याकाळी परत जायला भिंतीला ओळीनं उभी होती आणि हुसेनबी जुन्याच भुईवर शेणाचा हात फिरवत होती.

"मावशी, खणलंच न्हाय तुमी?"

ती दचकली. मग म्हणाली, "दार वड आदी." दार लावल्यावर हळू आवाजात बोलली, "आतलं सोनं हाय तितं ऱ्हाऊ दे. खणलं तर एकदाच मिळंल. उद्या हुकूम फिरला आन मालक परत बसला, तर मला रोजची धूळ मिळंल का न्हाय? पर ह्यातलं त्यास्नी कळाय नगं. फुकट पैसं घेतलं म्हणून तोंड दावायचा न्हाय त्यो माणूस."

मला कुलदेवीची शपथ घालून तिनं गप्प केलं. घरी जाताना मला वाटलं, या बाईनं सरकारपेक्षा शहाणपणाचं काम केलं. सरकारनं तिजोरी वाचवायला चूल विझवली होती. हिनं आपल्या घराचा पैसा घालून चुलीची जागा तेवढी राखली, पुन्हा पेटेल म्हणून. सोनारांना दुसरा धंदा काढायला कर्ज द्यायची योजनाही पुढं निघाली. एकानं सायकलचं दुकान काढलं, दुसऱ्यानं घेतलेलं कर्ज खाऊन टाकलं. मामा शाहूपुरीच्या गुळाच्या बाजारात एका अडत्याकडं काट्यावर बसला. गुंजेच्या वजनावर ज्याची बोटं वाढली, तो ढेपा तोलायला लागला.

आणि मग ते सुरू झालं. पलीकडचं दुकान बंद, हुसेनबीनं परत दिलेली किल्ली मामाच्या घरी खुंटीला, आणि दुपारी गल्ली पेंगायला लागली की माझ्या गुडघ्याचं रेशीम थरथरायचं. बारीक हातोडी पडल्यासारखा आवाज. वडिलांना ऐकू यायचा नाही. उंदीर असतील म्हणून मी एकदा फळीच्या फटीला डोळा लावला, तर आत सारवलेली भुई आणि तिच्यावर पडलेली उन्हाची एक रेघ, बाकी काही नाही. तो आवाज कशाचा होता ते मला आजही सांगता यायचं नाही. हुसेनबीला मात्र तो ऐकू यायचा. दारापुढं झाडता झाडता ती थांबायची, माझ्याकडं बघायची आणि पुढं जायची. पुढं पुढं गल्लीतली माणसंही तिन्हीसांजेला त्या दारावरून लगबगीनं जायला लागली.

मामाचं वेगळंच चाललं होतं. हुसेनबी समोरून दिसली की तो रस्ता ओलांडायचा. ती त्याला सोडायची नाही. "मालक, कवा बसताय?" असं लांबूनच ओरडून विचारायची. मामाचं तोंड राखेसारखं व्हायचं. तो खंगत चालला होता. मामी माझ्या आईला सांगायची, "झोपंत बोलत्यात हो. भुई भुई करत उठत्यात." आम्हाला वाटायचं, बापाची भुई विकल्याचं दुःख आहे.

सहासष्टच्या पावसाळ्यात रुपया पडला, म्हणजे सरकारनंच त्याची किंमत उतरवली, आणि त्याच पावसाळ्याच्या शेवटी चौदा कॅरेटची अट उठल्याची बातमी आली. सोन्याची चोरटी आयात काही थांबली नव्हती, कारागीर तेवढे देशोधडीला लागले होते, हे दिल्लीला कळायला इतकी वर्षं लागली. गुजरीत पेढे वाटले. एकेक फळी उघडायला लागली. सायकलवाल्यानं सायकली भावाच्या गळ्यात घातल्या आणि ऐरण मांडली. जोतीराममामाचं दार बंदच राहिलं. वडील समजावायला गेले, तर मामा म्हणाला, "खणलेल्या भुईवर सोनार बसत न्हाय, गणपतराव." वर असंही कळलं की एका कापडवाल्याला दुकान विकायचा सौदा ठरत आला आहे. तो शहाबादी फरशी घालणार होता.

हुसेनबी माझ्याकडं आली. "बाळाबाई, आता काय करू गं? बोलू का नगं?"

"आज बोलला न्हाईसा तर कवा बोलणार? चला, मी येतो संगं," मी म्हणाले. बोलताना माझ्या तोंडात अशी घरची भाषा येते, त्यात बाईही 'येतो' म्हणते.

गुळाच्या बाजारात माश्यांचा घोंगाट होता. मामानं आम्हाला येताना बघितलं आणि तो ढेपांच्या थप्पीमागं सरकला. हुसेनबी तिथं जाऊन त्याची वाट अडवून उभी राहिली.

"मालक, दुकान इकू नगा. भुई खणल्याली न्हाय. मी नुसती सारवली. आण्णांचं सगळं तितंच हाय. बसा जाऊन."

मामा तिच्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता हा रडेल, पाया पडेल. तो गुळाच्या ढेपेवर खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"तितं काय बी न्हाय, हुसेनबी," तो हाताआडून म्हणाला. "मी खणली हुती. हरताळात, तुला इकायच्या आदी. नवी माती भरून सारवली, खणल्याली सगळी धुतली, त्यातनं लोकांचं सोनं फेडलं. मग घरात खायाला न्हवतं म्हणून तुला मोकळी भुई इकली. तू खणशील, तुला कळंल, भर रस्त्यात माज्या तोंडावर थुकशील म्हणून रोज वाट बगत हुतो. तर तू इचारायचीस, मालक कवा बसताय. मला वाटायचं हिला समदं कळलंय आन ही मला मुद्दाम जाळती हाय. एकदा थुकली असतीस तर सुटलो असतो की गं!"

हिचं घर गेलं होतं, म्हातारपण गेलं होतं. मला त्या माणसाच्या डोक्यात ढेप घालावीशी वाटली, खोटं कशाला बोलू. तोलारांनी हाका मारल्या, त्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

"पैसं परत करतो. दुकान इकलं की पयलं तुजं," मामा म्हणाला.

"पैसं नगंत मला. मी भुई घेतलीया, मला भुई पायजे. भरून द्या."

"कशी भरून दिऊ?"

"कशी भरत्यात सोनार? बसून!"

दसऱ्याला मामानं ऐरणीची पूजा केली आणि शेगडी पेटवली. कापडवाला चार शिव्या देऊन गेला. त्या दिवसापासून माझ्या गुडघ्याचं रेशीम खऱ्या हातोडीनं थरथरायला लागलं आणि दुपारचा तो दुसरा आवाज थांबला. मामा मात्र पहिल्यासारखा झाला नाही. कण पडू नयेत म्हणून सोनार मांडीवर कातडं पसरतात, ते त्यानं काढून टाकलं. कानस चालवताना तो कण मुद्दाम भुईवर पाडायचा आणि गिऱ्हाइकाच्या सोन्यात येणारी ती घट स्वतःच्या मजुरीतून भरून द्यायचा. एकाचं सोनं दुसऱ्याच्या दागिन्यात त्यानं पुन्हा कधी घातलं नाही. प्रत्येकाची पुडी वेगळी. दुष्काळ आला, मग हजाराच्या नोटा एका दिवसात रद्द झाल्या, सोन्याचा भाव आभाळाला भिडला, लोक पुन्हा पुन्हा पायरीवर धावून आले आणि मामानं ज्याची पुडी त्याच्या हातात ठेवली. बँकेतल्या ठेवीला विमा असतो, बँक बुडाली तरी गरिबाचं थोडंफार परत मिळतं, हे मी त्याला एकदा वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आमास्नी तसलं आसतं तर?" आणि कानस खाली ठेवली.

हुसेनबी सगळी गुजरी झाडायची, पण मामाच्या उंबऱ्याच्या आत केरसुणी नेत नसे. बाहेर थांबून विचारायची, "चाललंय नव्हं, मालक?" आतून मामा म्हणायचा, "चाललंय." एवढंच बोलणं. मामा श्रीमंत झाला नाही, पण पोरं शिकली, मामीच्या हातात पुन्हा पाटल्या आल्या. इतकं असूनही तिची चाहूल लागली की त्याचा हात चुकायचा. ते मला पलीकडून कळायचं.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात हुसेनबी अंथरुणाला खिळली. तिची मुलगी नजीरा सासरहून आली होती. एका सकाळी मामा माझ्याकडं येऊन म्हणाला, "बाळे, चल माज्यासंगं. एकट्यानं जायाचा धीर हुईना." गेलो. मामानं डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला आणि तो तिच्या बाजेपाशी खाली बसला. त्याचेही केस पिकले होते, नजर अधू झाली होती.

"हुसेनबी, भुई भरली असंल आता. खणून घे. नजीरा धुईल, न्हाय तर मी सोता धुतो. मला मोकळं कर की."

तिनं डोळे उघडले. त्याच्याकडं नीट बघितलं. मग मान हलवली.

"अजून न्हाय भरली, मालक. बसा जावा."

मामा उठला. रुमाल हातातच धरून तो दाराबाहेर गेला आणि मला राहवेना. मी म्हणाले, "मावशी, काय हे? म्हातारा झाला त्यो. किती वरसं जाळायचं एका माणसाला? तुमी खणली असती तर त्या दिवशीच कळलं असतं आणि सगळं मिटलं असतं!"

"मला त्याच दिवशी कळलंतं," हुसेनबी म्हणाली.

मला वाटलं तापात बरळते आहे. पण ती शुद्धीवर होती. "सारवाय पयला हात लावला तवाच कळलं. जुनी भुई आन नवी माती हाताला कळत न्हाय व्हय गं? जलम गेला मातीत. मोकळी हाय म्हणूनच खणली न्हाय. खणली असती तर पिराजीपासनं समद्या गल्लीला कळलं असतं, जोतीरामनं रांडमुंड बाईला फसीवलं म्हणून. मग त्यो कुटं बसला असता?"

"मग मला का सांगितलं, सोनं आत हाय म्हणून?"

"तुज्या पोटात ऱ्हातंय का काय? कवातरी त्याच्या कानावर घालशील, आन त्यो लोभानं तरी बसंल, असं वाटलं. तू मेली शपथ पाळलीस." ती हसायला गेली आणि खोकली. "माजंबी चुकलंच. तवाच तोंडावर म्हनले असते, मालक मला म्हाईत हाय, तर तेवडी वरसं त्यो असा जळला न्हसता. भ्याले मी. आता सोडलं तर घरात बसंल आन मरंल. लिवून ठेव."

पाऊस सुरू व्हायच्या आत ती गेली. मातीला अख्खी गुजरी गेली होती. मामा खांदा देऊन परत आला, अंघोळ करून त्यानं दुकान उघडलं. आता सकाळी गल्लीत केरसुणीचा आवाज नसतो. नजीरानं धंदा घेतला नाही, कुणी तरी बाहेरचा झारेकरी आठवड्यानं येऊन जातो. मामा अजून बसतो. काम फारसं नसतं, दिसतही नाही नीट, तरी सोन्याचा एखादा तुकडा घेऊन कानस चालवत राहतो. हुसेनबी काय म्हणाली ते मी त्याला सांगितलेलं नाही. सांगावं म्हणून दोनदा उठले आणि खाली बसले. सुटका झाल्यावर त्याचं काय होईल याचं मला भय वाटतं, आणि न सांगितल्याचंही वाटतं. झोपेत आता माझ्या कानाशी कानस चालते.

परवा दुपारी कानस थांबली आणि फळीपलीकडून त्यानं हाक मारली.

"बाळे, तुज्या अंदाजानं भरली असंल का गं आता?"

माझ्या हातात रेशीम होतं. मी ते दातानं तोडलं.

"अजून न्हाय, मामा," मी म्हणाले.